टँकर दारात येतो का

आम्ही बीडमध्ये नऊ वर्षांत सात खोल्या बदलल्या. बाप गेवराई तालुक्यातल्या गावाहून मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायला आला आणि मागोमाग आई, मी आणि बहीण आलो. सगळं सामान एका हातगाडीत मावायचं. गाडीच्या पुढं बाप, मागून ढकलायला मी, आणि आई बुद्धाची छोटी मूर्ती पदरात गुंडाळून शेजारून चालायची. गाडी खड्ड्यात आदळते म्हणून ती मूर्ती तिनं कधी सामानात ठेवली नाही.

खोली मिळणं अवघड होतं. बाहेर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लोंबत असायची. मालक खोली दाखवायचा, भाडं सांगायचा, मग सहज विचारल्यासारखं आडनाव विचारायचा. आडनाव कळलं की त्याला आठवायचं, खोली कालच कुणाला तरी शब्द देऊन बसलोय. आम्ही वळून बघितलं की पाटी तिथंच असायची. ज्यांनी खोली दिली त्यांनीही वर्ष-दीड वर्षात खाली करायला लावली. कधी मुलाचं लग्न निघायचं, कधी गावाकडचे पाहुणे यायचे असायचे.

एवढं असूनही आईचे दोन सवाल ठरलेले होते आणि ते ती भाड्याच्या आधी विचारायची. “नळ कितव्या दिवशी येतो?” आणि “टँकर दारात येतो का?” बीडच्या माणसाला हे सवाल समजावून सांगायला नकोत. बाहेरच्यासाठी सांगतो, इथं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि उन्हाळ्यात किती दिवसांनी ते विचारायचं नसतं. बापाला त्या सवालांचा राग यायचा.

“खोली द्यायला कुणी तयार न्हाई, अन हिला टँकर पायजे दारात,” तो म्हणायचा.

“पाणी मलाच वाहायचं हाय,” आई म्हणायची. “तुमी मोंढ्यात असता.”

सातवी खोली सिस्टरची. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर आणि मागच्या अंगाला एक जादा खोली. त्यांनी आडनाव विचारलं नाही. पोरं शाळेत जातात का, एवढंच विचारलं. आईनं तिचे दोन सवाल टाकले. सिस्टर म्हणाल्या, “टँकर गल्लीच्या तोंडापर्यंतच येतो बाई. कोपऱ्यावरच्याचा जिना रस्त्यात आलाय. तिथून पाइप ओढावा लागतो.”

आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “पोरगं ओढील.”

त्या खोलीत आम्ही सहा वर्षं राहिलो. दहावी तिथं झाली, बारावी तिथं झाली, बी.कॉम. तिथं झालो. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारता सांगतो, आणि माझ्या व्हिजिटिंग कार्डवर नावाच्या पुढं बी.कॉम. छापलेलं आहे. पाइपही तिथंच ओढला. तीस पावलांचा रबरी पाइप, आत पाणी सुरू झालं की अजगरासारखा जड व्हायचा. खांद्यावर घेऊन कोपऱ्यावरून सिस्टरच्या हौदापर्यंत न्यायचा, हौद भरला की आमचे दोन ड्रम भरायचे, मग गुंडाळत परत न्यायचा. शर्टाला दोन दिवस रबराचा वास.

टँकर चालवणारा माणूस तेव्हा चाळिशीचा असेल. ट्रॅक्टरला टाकी जोडलेली, अंगात पांढरा बनियन, सातवी नापास. आई त्याला दारातून पाण्याचा तांब्या द्यायची. तो घटाघटा प्यायचा आणि वर आणखी मागायचा. गल्लीतली बाकीची माणसं आमच्या दारात तहान लागली तरी घरी जाऊन पाणी पीत. या एका गोष्टीसाठी तो मला आवडायला हवा होता. पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एकदा मी पाइप घेऊन निघालो असताना माझ्या वर्गातल्या दोन मुली कोपऱ्यावरून वळल्या. मी पाइप टाकला आणि जिन्याच्या आड दडलो. हा ट्रॅक्टरवरून ओरडला, “अय पाइपवाल्या! पाणी चाललं बे गटारीत! लपलास कावून?”

मुली हसल्या. मी बाहेर आलो आणि पाइप उचलला. ते हसू मी विसरलो नाही. आणि पदवी हातात पडल्यावर त्या पाइपाची गोष्ट मी कधीच कुणाला सांगायची नाही, स्वतःलासुद्धा नाही, असं ठरवून टाकलं.

पुढं मी दोन-तीन वर्षं परीक्षा दिल्या, लागलो नाही. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर एका दस्तलेखकाकडं टायपिंगला बसलो. तिथं रोज घरं विकली जाताना बघितली. खरेदीखत, सूची, सरकारी दर, चतुःसीमा, सगळं पाठ झालं. मग म्हटलं, दुसऱ्याचे कागद टाइप करण्यापेक्षा आपणच घरं विकू. एजंट झालो. आणि त्या धंद्यात उतरल्यावर महिनाभरात कळलं की बीडमध्ये घराची किंमत सांगावी तर एकाच माणसानं, असं लोक म्हणतात. तो माणूस म्हणजे तो टँकरवाला. टँकर पुतण्याला देऊन तो माझ्या आधी सहा वर्षांपासून घरांची दलाली करत होता. लोक त्याला मामा म्हणत. मीही तोंडावर मामाच म्हणायचो.

मी त्याच्यावर जळायचो. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण खरं आहे. माझ्याकडं पदवी, लॅपटॉप, सरकारी दराचं छापील कोष्टक, प्लॉटचं माप घ्यायचा लेझर. त्याच्याकडं काही नाही. बसस्टँडजवळच्या टायरच्या दुकानासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचा. पण तो घर बघून एक आकडा सांगायचा आणि घर त्या आकड्याच्या वीस-पंचवीस हजार इकडं नाहीतर तिकडं विकलं जायचं. माझी घरं तीन-तीन महिने पडून. लोक मला चहा पाजायचे, माझं बोलणं ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “एकदा मामाला दाखवून घेऊ.” जणू मी कंपाउंडर आणि तो डॉक्टर.

एका रिटायर मुख्याध्यापकानं त्याला घर दाखवलं होतं. त्यानं तोंडावर कमी किंमत सांगितली. मुख्याध्यापकाला राग आला, त्यांनी चहासुद्धा दिला नाही आणि घर दुसऱ्या एजंटला दिलं. वर्षभरानं तेच मुख्याध्यापक त्या टायरच्या दुकानासमोर उभे. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून बघत होतो. मला त्या वेळी वाटलं, अरे, मला कुणी शिव्या देऊन तरी परत येत नाही.

दिवाळीनंतर सिस्टरचा फोन आला. “घर काढायचंय विकायला. तू ये.”

मी नवा शर्ट घालून गेलो. सिस्टर आता रिटायर, एकट्या, गुडघे गेलेले. मुलगी संभाजीनगरला. मुलीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा एक फ्लॅट विकायचा होता. त्या फ्लॅटचा मालक मुलीच्या ओळखीतला, तोंडी शब्दावर गुढीपाडव्यापर्यंत थांबायला तयार झालेला. बीडचं घर तोपर्यंत विकलं गेलं तर सिस्टर तिकडं जाणार, जिना नाही, मुलगी वरच्या मजल्यावर. नाही विकलं तर फ्लॅट गेला, आणि सिस्टर याच घरात, भिंत धरून चालत.

आत गेलो तर पलंगासमोरच्या खुर्चीवर मामा. वीस वर्षं त्यानंच पाणी टाकलेलं, त्यामुळं सिस्टरनं त्यालाही बोलावलेलं. बशीतून चहा पीत होता.

“चौतीस,” तो सिस्टरला सांगत होता. “लई झालं तर साडेचौतीस. त्याच्यावर कुणी देणार न्हाई.” मला बघून म्हणाला, “आले बीकॉम. बसा साहेब.”

मी बसलो नाही. लेझर काढला, खोल्या मोजल्या, लॅपटॉप उघडला. प्लॉट हजार फुटाला थोडा कमी, अकृषिक झालेला, बांधकाम परवाना आहे, घेणाऱ्याला बँकेचं कर्ज मिळतं, पूर्वेला दार. शेजारच्या गल्लीत मागच्या वर्षी विकलेल्या घराचा दर माझ्याकडं होता. हिशोब सदतीसच्या आसपास येत होता. हे मला स्क्रीनवर दिसत होतं. पण मामा बशी खाली ठेवून माझ्याकडं बघत होता, आणि सिस्टर माझ्याकडं बघत होत्या, ज्यांनी मला बी.कॉम. करायला खोली दिली.

“बेचाळीस,” मी म्हणालो. “त्याच्या खाली एक रुपया घेऊ नका, सिस्टर.”

सिस्टरचा चेहरा उजळला. “बघा,” त्या मामाला म्हणाल्या, “आमच्या पोरानं शिकून काय केलं ते.”

मामा उठला. चप्पल घालताना म्हणाला, “बरंय. पोरगं म्हणतंय तर इका बेचाळीसला.” दारातून वळून एकदा माझ्या लॅपटॉपकडं बघितलं आणि गेला.

आज सांगतो, सदतीसच्या वरचे ते पाच लाख घराचे नव्हते. ते माझ्या जळण्याचे होते.

या धंद्यात चढा आकडा सांगणारा एजंट मालकाला फार आवडतो. पण तो किती दिवस आवडतो? तीन आठवडे. नवीन घर बाजारात आलं की ज्यांना खरंच घर हवंय ते पहिल्या पंधरा दिवसांत येऊन बघून जातात. त्याच वेळी आकडा बरोबर असेल तर त्यातलाच एक घेतो. आकडा चुकला तर ते बघून जातात आणि दुसरीकडं घेतात, आणि मग उरतात ते नुसते बघे. सिस्टरच्या घराला पहिल्या महिन्यात अकरा गिऱ्हाइकं आली. कुणी घासाघीससुद्धा केली नाही. हे वाईट लक्षण असतं. माणूस भाव पाडून मागत असेल तर त्याला घर हवंय. जो काहीच न बोलता “कळवतो” म्हणून जातो, त्यानं आकडा ऐकतानाच घर सोडलेलं असतं.

डिसेंबरात मी चाळीसवर आणलं. जानेवारीत अडतीसवर. आता येणारा माणूस दारातच विचारायचा, “किती महिने झाले विकायला काढून?” घर शिळं झालं होतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं एका गिऱ्हाइकाला सांगितलं की त्या घरात भानगड असेल, नाहीतर एवढे दिवस राहतंय का. कागदाची भानगड काडीची नव्हती. शेजार कसा आहे, म्हणजे वस्ती कुणाची आहे, हे विचारणारेही यायचे. तो प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. अशांना मी स्वतःच गेटपर्यंत सोडून यायचो आणि उत्तर न देताच परत फिरायचो.

त्याच दिवसांत मामानं पालीच्या रस्त्यावरचं एक घर नऊ दिवसांत विकलं. नऊ दिवसांत! सिस्टरच्या घराइतकंच घर. मला झोप लागेना. शेवटी मी एक हलकट काम केलं. तो नवीन घर बघायला निघाला की मोटारसायकल लांब ठेवून त्याच्या मागं जायला लागलो. हा बघतो तरी काय?

तो फरशी बघत नव्हता. किचनचा ओटा बघत नव्हता. आधी गच्चीवर जायचा आणि खालचे रस्ते बघायचा. मग हौदाचं झाकण उघडून, तो किती खोल ते बघायला, दोरीला दगड बांधून आत सोडायचा. मग घरमालकाला “आलोच” म्हणून शेजारच्या घरी जायचा आणि प्यायला पाणी मागायचा. हे दर वेळी. पहिल्यांदा मला वाटलं, ऊन आहे, तहान लागली असेल. चौथ्या घराला कळलं. शेजारच्या बोअरचं पाणी खारं आहे का गोड, ते तो जिभेनं बघत होता. आणि शेजारीण पाणी हसून देते का दाराआडून, तेही. पाच मिनिटांत त्याला गल्लीची सगळी हवा कळायची. माझा लेझर भिंतीपासून भिंतीपर्यंतच चालत होता.

मला ते बघून शिकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. उलट जास्त जळलो. कारण असं पाणी मागायचं मला कधी सुचलंच नसतं. लहानपणी आम्हाला शिकवलेलं होतं, परक्या घरी पाणी मागायचं नाही. आई म्हणायची, नाही दिलं तर जिवाला लागतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सिस्टरनं बोलावलं. फ्लॅटवाल्याचा फोन आलेला. त्याच्याकडं दोन गिऱ्हाइकं आलीत, तरी तो शब्दाला जागून पाडव्यापर्यंत थांबेल, पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी देऊन टाकेल. सिस्टर पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

“मग काय करायचं?” त्यांनी विचारलं. “तू म्हणशील तसं.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाहेर आलो आणि गाडीला किक मारली. सरळ टायरच्या दुकानासमोर.

मामा खुर्चीवर. शेजारच्या रिकाम्या टायरवर बस म्हणून त्यानं खूण केली.

“या बीकॉम. बेचाळीस आले का?”

“मामा, टिंगल नका करू. पाडव्याच्या आत घर विकायचंय.”

“मंग इक की. मी धरलंय का?”

“चौतीस कसे काढले तुम्ही? माझा हिशोब सदतीसचा येतोय.”

“हां! सदतीस आलंतं ना? मंग बेचाळीस कावून सांगितलं?”

तो खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, “तुझा सदतीसचा हिशोब बराबर हाय. शेजारच्या गल्लीचा हाय तो. शेजारच्या गल्लीत टँकर कुठवर येतो?”

“दारात.”

“अन सिस्टरच्या?”

मी बुटाची लेस बांधायला वाकलो.

“बोल की बे. सिस्टरच्या दारात टँकर येतो का? सहा वर्सं पाइप कुणी ओढला? माझ्या बापानं?”

“मीच ओढला,” मी म्हणालो.

“मंग? ज्यानं ओढला त्योच इसरला, तर गिऱ्हाईक इसरंल का? बाया घर बघायला येतात ना, त्या पयल्यांदा कोपऱ्यावरचा जिना बघतात. तिथंच त्यांचं मन उतरतं. मंग तू आत फरश्या दाखव न्हाईतर झुंबर दाखव. पोरं शिकायला भायेर गेलेली, घरात म्हातारं माणूस, पाइप ओढनार कोन? त्याचे तीन लाख कमी.” मग हसून म्हणाला, “आज बीडात असलं पोरगं कुठं मिळतं, बी.कॉम. होऊन पाइप ओढणारं?”

टायरवाला हसला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. आईनं पहिल्याच दिवशी जो सवाल विचारला होता, तोच मी, पदवीधर, रजिस्ट्रीतले सगळे नियम पाठ असलेला, विचारायचा विसरलो. विसरलो नव्हतो खरं तर. तो खांद्यावरचा पाइप मला माझ्या हिशोबात यायलाच नको होता.

“शेजाराचं काय?” मी विचारलं. “वस्ती विचारणारे येतात. त्याचे किती कमी करता तुम्ही?”

“त्याचा एक रुपया कमी न्हाई करायचा,” तो म्हणाला. आवाज एकदम कडक. “ज्याला तसा शेजार नको त्यो आपलं गिऱ्हाईकच न्हाई. त्याला सोडून द्यायचं. घराची किंमत त्याच्यासाठी कावून पाडायची?”

हेही त्यानंच सांगावं. मला जळायला आणखी एक कारण मिळालं.

त्या दुपारी मी सिस्टरच्या गल्लीत गेलो आणि कोपऱ्यापासून हौदापर्यंत चाललो. तीस पावलं. जिना काही हटणार नव्हता, जिनावाल्याच्या वडिलांच्या काळापासूनचं ते भांडण. पण पाइप? पाइप जमिनीतून का नाही नेता येणार? जिन्याच्या खालून, भिंतीच्या कडेनं, कोपऱ्यावर एक तोंड ठेवायचं, टँकरवाल्यानं तिथं आपला पाइप जोडायचा, पाणी सरळ हौदात. खांदा कुणाचाच लागणार नाही. हे मामाला सुचलं नव्हतं. तो कायम टँकरच्या बाजूनं बघत आला, हौदाच्या बाजूनं मी बघितलं होतं.

जिनावाल्याला विचारायला मी घाबरलो. लहानपणी त्यानं मला जिन्यावर बसू दिलं नव्हतं. पण मी गेलो, आणि आधी त्याच्या बायकोला प्यायला पाणी मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या दारात. तिनं दिलं. गार होतं. मग मी तिला म्हणालो, “वहिनी, तुमच्या जिन्याखालून पाइप न्यायचाय. तुमच्या हौदालाही एक तोंड काढून देतो, फुकट.” नवरा आतून ‘काय म्हणतोय’ म्हणून बाहेर येईपर्यंत तिनं होकार दिला होता.

चार दिवसांत चर खोदून पाइप टाकला, वर सिमेंट केलं, नगरपालिकेच्या नालीला धक्का लागू दिला नाही. पाचव्या दिवशी मी मामाच्या पुतण्याचा टँकर मागवला. मामा स्वतः आला, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. कोपऱ्यावर पाइप जोडला, कॉक सोडला. मी आत हौदापाशी उभा. आधी हवा फुसफुसली, मग धबाधबा पाणी कोसळलं. सिस्टर खुर्ची ओढून दारात बसल्या होत्या. त्यांनी काठी टेकवली आणि म्हणाल्या, “अरे, हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?”

मामा चालत आत आला. हौदात वाकून बघितलं, दोरीबिरी काही सोडली नाही. “आता बोला बीकॉम. किती?”

मला या वेळी स्क्रीन लागली नाही. शेजारच्या गल्लीचे सदतीस. इथं पाणी आलं, पण जिना जाग्यावरच आहे, चारचाकी दारात येणार नाही. त्याचा एक लाख.

“छत्तीस,” मी म्हणालो.

त्यानं डोळे बारीक केले, कोपऱ्याकडं बघितलं, परत माझ्याकडं. “छत्तीस,” तो म्हणाला. “जाईल.”

आठव्या दिवशी एसटीत कंडक्टर असलेली एक बाई आणि तिचा शिक्षक नवरा आले. नवरा हॉलमधली ट्यूबलाइट बघत उभा राहिला. बाई सरळ मागं गेली आणि हौदाचं झाकण उचललं. “टँकर कुठवर येतो?” तिनं विचारलं. मी तिला कोपऱ्यावर नेऊन पाइपाचं तोंड दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मग नवऱ्याला हाक मारली, “अहो, इकडं या, ते सोडा.” त्यांनी साडेपस्तीस मागितले, मी छत्तीसवरून हललो नाही, सिस्टरनं मधेच पन्नास हजार सोडले. पाडव्याच्या अकरा दिवस आधी रजिस्ट्री झाली. रजिस्ट्री ऑफिसात पूर्वीच्या दस्तलेखकानं मला खुर्ची दिली.

सिस्टरला सोडायला मी संभाजीनगरला गेलो. तळमजला, एकही पायरी नाही. मुलीला त्या कौतुकानं सांगत होत्या, “घर विकलं यानंच. पण टँकरवाल्यानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं हो.” मी पेढा खात होतो. उरलेला परत बॉक्समध्ये ठेवला.

मामानं दलालीतला हिस्सा घेतला नाही. पाइप तुझा, म्हणाला. मला वाटतं मला जळवायलाच त्यानं तसं केलं. तो म्हणाला होता की भागीदारी करू, तू कागद बघ, मी घर बघतो. मी केली नाही. त्याचे कागद मात्र बघून देतो, कारण त्यात तो खरंच कच्चा आहे, आणि तो समोर चष्मा पुसत बसतो तेव्हा मला बरं वाटतं.

आता बीडमध्ये लोक घर विकायच्या आधी दोघांना बोलावतात. दोघांचे आकडे जुळले तर लगेच काढतात विकायला. मी कुणाला चढा आकडा सांगत नाही. तोंडावर कमी सांगतो, मालक रागावतो, चहा देत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. मला शिव्या देऊन परत येणारी माणसंही आता झाली.

मागच्या वर्षी पालीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर आईच्या नावावर घेतलं. किंमत मी लावली, मामाला विचारलं नाही. आईनं घर बघायच्या आधी तिचा सवाल टाकला. टँकर दारात येतो.